एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ताई, तुमची फाइल आमच्या सांगण्यामुळे गेली

नमस्कार ताई,

रिव्ह्यू टाकून तुम्हाला चार दिवस झाले, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल आधी माफी. नुसतं "सॉरी, कॉल करा" असं लिहायचं नव्हतं, म्हणून आधी आमच्या डेटाच्या क्लासच्या बॅचच्या ग्रुपवरचे त्या रात्रीचे सगळे मेसेज वाचले आणि मदतीसाठी तुम्ही आमच्या असिस्टंटला शेअर केलेलं कोलॅबचं नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायचं गुगलचं पान, उघडून बघितलं. त्यात काहीही बदललेलं नाही, फक्त वाचलंय.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात लिहितो. नोटबुकची लिंक उघडतच नाही, ॲक्सेस मागा म्हणते. सेशन सारखं तुटतं. तीन तास बसून साफ केलेला डेटा गेला, विचारलं तर क्लासवाले एकच सांगतात, रिफ्रेश करा. फुकटचं टूल वापरून फी मात्र पूर्ण घेतात. आणि मुलुंडहून रविवारचा मेगाब्लॉक सांभाळत दादरला यायचं ते कशासाठी?

यातली सगळ्यात मोठी गोष्ट, डेटा जाणं, ती चूक आमची आहे. कशी ते सांगतो, कारण मलाही ते मेसेज वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

रात्री ११:४० ला तुम्ही लिहिलंत की सेशन क्रॅश झालं, सगळी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वापरली गेली असं येतंय. आमच्याकडून उत्तर गेलं, रिफ्रेश करा. तुम्ही केलंत, काही झालं नाही. मग आमच्याकडून दुसरा मेसेज गेला, मेन्यूत जाऊन डिस्कनेक्ट अँड डिलीट रनटाइम दाबा आणि परत सुरू करा. तुम्ही दाबलंत. फाइल गेली ती त्या क्षणी, क्रॅशमुळे नाही.

कोलॅबमध्ये, किंवा अशा कुठल्याही ब्राउझरमधल्या नोटबुकमध्ये, दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दिसायला त्या एकच दिसतात. एक म्हणजे नोटबुकची फाइल, म्हणजे तुमचा कोड, खाली आलेले आकडे, ग्राफ, हे सगळं तुमच्या ड्राइव्हवर सेव्ह होतं. दुसरं म्हणजे तो कोड चालवणारं मशीन, ते तात्पुरतं दिलेलं असतं, तुमचे व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये नाव देऊन ठेवलेला डेटा, त्याच्या मेमरीत आणि डावीकडच्या फाइल्सच्या खिडकीत टाकलेल्या फायली त्याच्या डिस्कवर. रॅम भरून सेशन क्रॅश झालं किंवा रिस्टार्ट सेशन केलं तर व्हेरिएबल जातात पण डिस्कवरच्या फायली राहतात. डिलीट रनटाइम केलं की मशीनच परत जातं, फायलींसकट. म्हणजे ११:४० ला तुमची साफ केलेली फाइल जागेवर होती! नुसतं सेशन रिस्टार्ट करून फाइल परत वाचली असती तर दोन मिनिटांत तुम्ही पुढच्या कामाला लागला असता. आम्हीच तुम्हाला ती पुसायला लावली. याचं मला खरंच फार वाईट वाटतंय.

यात असिस्टंट मुलाला मी दोष देणार नाही. बॅचसाठी "काय विचारलं तर काय सांगायचं" असा कागद मीच करून दिला होता आणि त्यात अडकलं की रनटाइम डिलीट करा असं मीच लिहिलं होतं. तो कागद बदललाय. आता पहिला प्रश्न हाच विचारायचा की तुमची फाइल कुठे सेव्ह केलीये, त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कोणी काही दाबायला सांगायचं नाही.

रॅम का भरली तेही बघितलं. न्यूयॉर्क टॅक्सीचा २०२३ चा डेटा आपण प्रॅक्टिसला देतो, एका महिन्यात तीस लाखांच्या आसपास ओळी असतात आणि तुम्ही तीन महिने जोडले होते. जोडलात ते बरोबरच केलंत, प्रश्न तसाच होता. पण पुढे प्रत्येक पायरीला डेटाच्या टेबलला नवीन नाव दिलंय, डीएफ, डीएफ टू, डीएफ क्लीन, डीएफ फायनल, डीएफ फायनल टू, आणि प्रत्येक नावामागे जवळजवळ अख्ख्या डेटाची कॉपी मेमरीत बसून राहते. फुकटच्या मशीनला साधारण १२ जीबी रॅम असते, ती अशी बघता बघता भरते. नको असलेलं नाव डेल (पुसून टाकायची कमांड) लिहून सोडायचं, किंवा फाइल वाचतानाच लागणारे कॉलम तेवढे घ्यायचे, हे आम्ही सहाव्या लेक्चरला शिकवतो आणि असाइनमेंट देतो चौथ्या लेक्चरनंतर. क्रम चुकलाय, पुढच्या बॅचपासून हे आधी घेणार.

आता लिंकचं. लिंक मुद्दाम बंद करून ठेवतो असं तुम्ही लिहिलंय, तसं नाहीये, पण तुम्हाला तसं का वाटलं ते कळतं. नोटबुक ज्यांचे जीमेल फॉर्ममध्ये आलेत त्यांनाच शेअर केलेली असतात. तुम्ही फॉर्ममध्ये पर्सनल जीमेल दिला होता आणि ॲक्सेस मागणारी रिक्वेस्ट आमच्याकडे आलीये ऑफिसच्या आयडीवरून. एकाच ब्राउझरमध्ये दोन अकाउंट लॉगिन असली की साधारणपणे पहिलं लॉगिन केलेल्या अकाउंटनेच लिंक उघडते, आणि लॅपटॉप ऑफिसचा असला की पहिलं अकाउंट ऑफिसचंच असणार. समोर नुसतं ॲक्सेस नाही एवढंच दिसतं, माणूस म्हणतो यांनी लिंकच चुकीची दिली. वर उजवीकडच्या गोल फोटोवर कुठलं अकाउंट आहे ते बघायचं आणि बदलायचं, आणि रोजचं काम असेल तर क्रोममध्ये क्लाससाठी वेगळं प्रोफाइलच करून ठेवायचं, मग ही कटकट कायमची संपते. शंका असेल तर इन्कॉग्निटो खिडकीत एकाच अकाउंटने लॉगिन करून लिंक उघडून बघा, तिथे उघडली म्हणजे घोळ अकाउंटचाच.

ऑफिसच्या आयडीवर अजून एक भानगड असते. बऱ्याच कंपन्यांचे ॲडमिन कोलॅबच बंद ठेवतात किंवा बाहेरच्या फायली उघडू देत नाहीत, तिथे आम्ही शंभर वेळा ॲक्सेस दिला तरी उपयोग नाही. आणि काही ऑफिसांच्या नेटवर पान उघडतं, कोड दिसतो, पण कनेक्टिंग कनेक्टिंग करत नुसतं फिरत राहतं, कारण ब्राउझर आणि मशीनमधली ती सतत चालू राहणारी लाइन, वेबसॉकेट म्हणतात तिला, ती ऑफिसच्या प्रॉक्सीत अडते. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघायचा, चालू झालं की समजायचं नोटबुक ठीक आहे. मागच्या बॅचमधल्या एकांना फाइल अपलोडचं बटणच चालत नव्हतं, त्यांच्या ब्राउझरमध्ये थर्ड पार्टी कुकी बंद होत्या.

तरीसुद्धा चूक आमच्याकडेही आहे. तुमची रिक्वेस्ट दोन दिवस आमच्या मेलमध्ये पडून होती, कोणी बघितली नाही. आता वाचायच्या नोटबुकची लिंक ज्याच्याकडे असेल त्याला उघडेल अशी ठेवलीये, बदल करता येणार नाहीत पण अडणार नाही. उघडल्यावर आधी ड्राइव्हमध्ये सेव्ह अ कॉपी करायचं हे मात्र विसरू नका, नाहीतर आमच्या फाइलमध्ये लिहिलेला तुमचा कोड सेव्ह होत नाही. तुम्ही कॉपी केली होती, म्हणून तुमचा कोड शाबूत आहे.

सेशन तुटण्याबद्दल खरं काय ते सांगतो. फुकटच्या कोलॅबमध्ये सेशन जास्तीत जास्त १२ तास चालतं, आणि हात न लावता ठेवलं तर त्याच्या बरंच आधी बंद होतं, नेमकं किती वेळाने हे ठरलेलं नाही, गर्दी आणि वापर बघून बदलतं. जेवायला गेलात, लॅपटॉप झोपला, की जाऊ शकतं. कोणीतरी तुम्हाला आपोआप क्लिक करत राहणारी स्क्रिप्ट टाकायला सांगितलं असं ग्रुपवर लिहिलंय, ती कृपया टाकू नका, १२ तासांच्या पुढे तसंही जात नाही आणि आपला जीव त्या स्क्रिप्टवर टांगलेला राहतो. त्यापेक्षा पहिल्याच सेलमध्ये, म्हणजे कोडच्या पहिल्या चौकोनात, ड्राइव्ह माउंट करायचा, म्हणजे मशीनला जोडायचा, नवीन मशीन मिळालं की तो परत परवानगी मागतो, द्यायची, आणि साफ केलेला डेटा प्रत्येक मोठ्या पायरीनंतर ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये लिहायचा. आमच्या सगळ्या नोटबुकमध्ये हा सेल आता वरच टाकलाय. मात्र ड्राइव्हवर जागा आहे ना ते बघा, फुकटची १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट असते.

ट्रेनमध्ये काम करताना रेंज गेली की सगळं गेलं असं तुम्ही लिहिलंय, तसं दरवेळी नसतं. नेट तुटलं तरी तिकडचं मशीन बराच वेळ चालू असतं, परत जोडलं की काम जिथल्या तिथे मिळतं. ओळखायचं कसं? नवीन सेलमध्ये नुसतं डीएफ लिहून चालवा. टेबल आलं तर सेशन जिवंत आहे. नेमएरर आला, डीएफ डिफाइन केलेलं नाही म्हणाला, तर मशीन नवीन आहे किंवा सेशन रिस्टार्ट झालंय, मग वर जुने ग्राफ कितीही छान दिसत असू देत, ती फक्त मागची छापील कॉपी आहे. इथे बहुतेक सगळे फसतात, पहिल्या वर्षी मीही फसलो होतो.

तुम्ही म्हणालात रन ऑल केलं, म्हणजे सगळे सेल वरून खाली एकदम चालवले, तरी मधेच एरर येतो. तो का येतो ते तुमच्या नोटबुकमध्ये बघताना सापडलं. सेलच्या डावीकडचे आकडे वाचत गेलो, २७, २८, मग एकदम ३१, मग खाली १९. म्हणजे सेल वर खाली चालवलेत, आणि टॅक्सीच्या झोनची यादी वाचणारा सेल चालवून झाल्यावर काढून टाकलाय. जोपर्यंत सेशन होतं तोपर्यंत ती यादी मेमरीत होती, त्यामुळे सगळं चालत होतं. नवीन मशीनवर ती नाही, आणि तिच्याशी जोडणी करणारी ओळ आपटते. फाइल मेन्यूत रिव्हिजन हिस्टरी आहे, त्यात त्या रात्रीची साडेदहाची आवृत्ती उघडली तर काढलेला सेल तिथे जसाच्या तसा आहे.

फुकटच्या टूलवर मात्र तुमच्याशी सहमत नाही, मनापासून सांगतो. आमच्याकडे ४ जीबी रॅमचे लॅपटॉप घेऊन मुलं येतात, काहींकडे लॅपटॉपच नसतो, आणि ज्युपिटर, म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारं असंच नोटबुक, प्रत्येकाच्या मशीनवर बसवण्यात आधी दोन रविवार जायचे. ब्राउझर उघडला की शिकायला सुरुवात, हे मला मोठं वाटतं. फी शिकवण्याची आहे. पण शिकवण्यात टूल कुठे दगा देतं हेही सांगणं आलं, ते आम्ही सांगितलं नाही, तेवढ्या भागाचे पैसे तुम्ही उगाच दिलेत. म्हणून अर्धी फी परत करतोय, आणि पुढची बॅच पूर्ण करायची असेल तर काहीही न देता बसा. दोन्ही नको असेल आणि पूर्ण फी हवी असेल तर तसं सांगा, वाद घालणार नाही. रिव्ह्यू काढा असं तर मुळीच म्हणत नाही.

आणि एक. तुमच्या नोटबुकची वेगळी कॉपी करून, काढलेला सेल परत घालून, मधली नावं सोडून देत काल रात्री सगळं वरून खाली चालवलं. शेवटपर्यंत गेलं, रॅम भरली नाही, आणि साफ केलेली फाइल परत तयार झाली. कोड सगळा तुमचाच आहे, मी तीन ओळी घातल्यात आणि त्यांच्यावर तसं लिहिलंय. फाइल शेअर करायला तयार ठेवलीये, फक्त पर्सनल जीमेलवर करू की ऑफिसच्या, तेवढं ग्रुपवर कळवा.