डॉक्टर आणि ‘वेळ घालवणे’

आमच्या डॉक्टरांना जाऊन महिना झाला. या महिन्यात भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने काकूंना एक वाक्य ऐकवले: ‘‘निवृत्तीनंतर एवढे छंद होते म्हणून बरे, वेळ तरी चांगला गेला.’’ बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण मला ते वाक्य दर वेळी खटकत राहिले. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात वेळ पुरला नाही, त्याने वेळ घालवला असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

फिजिशियन म्हणून त्यांनी चाळीस वर्षे काम केले. घड्याळे उघडणे, सुतारकाम, पक्षी, व्हायोलिन आणि आकाशनिरीक्षण हे सारे निवृत्तीच्या कितीतरी आधीपासूनचे होते. व्हायोलिन ते वाईट वाजवत, हे सर्व आदर राखून नोंदवले पाहिजे. दुरुस्तीला घेतलेली बरीच घड्याळेही सुट्या भागांच्या अवस्थेतच टेबलावर राहिली.

मी त्यांना जवळून पाहिले ते दुर्बिणीचा आरसा घासताना. सहा इंची आरशासाठी काचेच्या दोन सारख्या चकत्या घ्यायच्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड घालायची आणि वरची चकती खालचीवर पुढेमागे घासत, दोन्ही थोड्याथोड्या फिरवत राहायचे. एवढ्यानेच वरची काच हळूहळू अंतर्वक्र होत जाते आणि खालची बहिर्वक्र. पूड 80 नंबरपासून सुरू होते आणि 600 पर्यंत बारीक होत जाते. मग डांबरासारख्या पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. मला वाटले होते की इथे काम संपले. डॉक्टरांच्या मते ते इथून सुरू होत होते, कारण आरशाचा पृष्ठभाग हव्या त्या आकारापासून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही ढळून चालत नाही, आणि हाताला किंवा नुसत्या डोळ्यांना तो ढळलेला कळत नाही.

तो कळतो फुको या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या 1858 सालच्या चाचणीने. बारीक छिद्रातून येणारा प्रकाश आरशावरून परतून जिथे एकवटतो तिथे ब्लेडची धार हलकेच सरकवायची, म्हणजे आरशावर सावल्या उमटतात आणि काचेवरचे उंचसखल भाग डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागतात. एका रात्री डॉक्टरांनी माझा अंगठा काही सेकंद काचेवर टेकवून ठेवला आणि मग मला ब्लेडमागून पाहायला लावले. बोटाच्या उबेने काच फुगली होती आणि तिथे स्पष्ट टेंगूळ दिसत होते. ‘‘सूज बघितलीस? आता ती उतरेपर्यंत बघत बस,’’ म्हणाले, आणि खरोखरच आम्ही दोघे ती उतरेपर्यंत बसून राहिलो.

या कामात आमचा आरसा तीनदा बिघडला, आणि तिन्ही वेळा मागच्या पुडीवर परत जावे लागले. मी वैतागलो, ते मात्र खूश दिसत. कारण विचारले तेव्हा म्हणाले, ‘‘रोग्यावर चुकायची सोय नसते, काचेवर असते.’’ चाळीस वर्षे ज्याला आपल्या प्रत्येक चुकीचा धाक बाळगावा लागला, त्याला निर्धोक चुकता येईल अशी जागा हवी होती, आणि ती त्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. याला विरंगुळा म्हणणे मला जमत नाही.

वैद्यक एकीकडे आणि छंद दुसरीकडे, ही वाटणीच त्यांना मान्य नव्हती. स्टेथोस्कोप शोधणारा फ्रेंच डॉक्टर लेनेक हे त्यांचे आवडते उदाहरण. 1816 साली त्याने कागदाची सुरळी करून छातीचे ठोके ऐकले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तो बासरी वाजवत असे आणि लाकडी स्टेथोस्कोप स्वतः लेथवर तयार करत असे, हे डॉक्टर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगत. दुसरे उदाहरण देवीची लस देणाऱ्या इंग्लिश डॉक्टर जेनरचे. कोकिळेच्या जातीतल्या कुक्कू पक्ष्याचे नुकते जन्मलेले पिल्लूच घरट्यातली इतर अंडी-पिल्ले बाहेर ढकलते, हे त्याने 1788 मध्ये लिहिले, म्हणजे देवीच्या लशीच्या प्रयोगाआधी आठ वर्षे. त्यावर कित्येकांनी दीर्घकाळ विश्वास ठेवला नाही. जे समोर दिसते ते, कुणाला पटो न पटो, जसेच्या तसे लिहिणे ही सवय जेनरला पक्ष्यांनी लावली, असे डॉक्टरांचे मत होते. ते इतके सरळ असेल असे मला वाटत नाही, पण त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालण्यात मजा होती.

या सगळ्याची किंमत घराने मोजली, हेही लिहायला हवे. पेशंटनंतर उरलेला वेळ काच, पाखरे आणि तारे घेऊन जात, आणि काकूंच्या वाट्याला बहुतेक वेळा उघड्या गच्चीचे दार लावणे येई. ‘छंदी माणूस’ म्हणून कौतुक करताना आपण ही बाजू सोयीस्करपणे विसरतो.

आकाशातले त्यांचे खरे प्रेम रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांवर होते. प्रत्येक ताऱ्याचा त्यांनी केसपेपर काढला होता. सर्वांत जाड केसपेपर होता ययाती तारकासमूहातल्या अल्गोलचा. हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्यासमोर येतो. 1783 मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या बहिऱ्या मुलाने हे नियमित चक्र मांडले. डॉक्टर शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची तेजस्विता नोंदवत, आणि आभाळ भरून आलेले असेल तर त्या तारखेपुढे ‘ढग’ एवढा एकच शब्द लिहीत. ओळ कोरी सोडणे त्यांना मंजूर नव्हते.

गेल्या आठवड्यात काकूंनी तो केसपेपर काढून मला विचारले की यातले पुढचे मंदावणे कधी आहे. मी हिशेब करून रात्र सांगितली. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच निरीक्षणासाठी गच्चीवर आल्या, नकाशा हातात धरून तासभर थांबल्या, आणि आकाशात एकही तारा दिसला नाही. खाली येऊन त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि तिच्यापुढे लिहिले, ‘ढग’.