ग्रुप कुठं काढायचा बे?

सोलापुरात चार गेमवाले जमले की कुठला गेम खेळायचा यावर फारसं भांडण होत नाही. एकाला बुद्धिबळ, दुसऱ्याला कॅटान हा पटावरचा खेळ, तिसऱ्याला मोबाईलवरची बीजीएमआयची मारामारी, चौथा नुसता बघायला आलेला, सगळं खपतं. भांडण लागतं ते ‘ग्रुप कुठं काढायचा बे?’ या प्रश्नावर. त्यावर कोणी तोंड उघडायच्या आत एखाद्या उत्साही वीरानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून डीपीसुद्धा लावलेला असतो.

व्हॉट्सॲपच्या बाजूनं मुद्दा एकच, पण दणकट: सगळे आधीच तिथं आहेत. १०२४ माणसं मावतात, म्हणजे होटगी रोडपासून बाळ्यापर्यंतचे सगळे गेमवाले आले तरी जागा उरेल. पण प्रत्येकाचा मोबाईल नंबर प्रत्येकाला दिसतो. दहावीतलं पोरगं आणि कर्ज देणारा एजंट एकाच यादीत गुण्यागोविंदानं नांदतात.

तिथला शोध ही आणखी एक गंमत. ‘स्वस्तात कंट्रोलर कुठला घेऊ?’ याचं झकास उत्तर कोणीतरी मागंच दिलेलं असतं, पण ते सापडत नाही. कारण एकानं देवनागरीत लिहिलेलं, दुसऱ्यानं रोमनमध्ये, तिसऱ्यानं मराठीत सुरू करून तेलुगूत संपवलेलं. शोध फक्त टाइप केलेली अक्षरं जुळवतो, सोलापूर त्याला कळत नाही.

आणि पोल! ‘रविवारी कोण कोण येणार?’ असा पोल टाकताना एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा देणारं बटण आपोआप चालू असतं. ते बंद करायचं राहिलं की एकच गृहस्थ ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ या दोन्हींवर टिचकी मारून निवांत झोपतात. त्यात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस असले तर नंदीध्वजांच्या फोटोंखाली मॅचची वेळ पार गाडली जाते. एकुलता एक ॲडमिन वैतागून बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांतून कोणालाही ॲडमिन करून टाकतं. ते पद नेमकं त्या कर्जवाल्या एजंटाकडेही जाऊ शकतं.

टेलिग्राम त्या मानानं शहाणा. नंबर लपवता येतो, नव्या माणसाला जुने मेसेज दाखवता येतात, ग्रुपला विषयवार कप्पे पाडता येतात आणि दोन लाख माणसं बसतात. पण दार उघडं ठेवलं की रमीवाले आणि क्रिप्टोवाले बॉट, म्हणजे आपोआप जाहिराती टाकणारी खाती, आपल्याआधी आत येऊन बसलेले. त्यामुळं आत घेण्याआधी मंजुरीची अट हवीच.

खरी मजा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर. २०१५ साली ते गेमवाल्यांसाठीच निघालं, त्यामुळं बोलण्याची खोली वेगळी, लिहिण्याची वेगळी, कोणाला काय करता येईल हेही वेगळं. या खोल्यांना तिथं चॅनेल म्हणतात. मात्र पहिल्याच संध्याकाळी तीस चॅनेल उघडायची हौस आवरा. रिकामी चॅनेल बघून नवा माणूस ‘इथं कोणी राहत नाही’ असं समजून निघून जातो. सूचना, गप्पा, मॅच ठरवणं, खरेदी-विक्री आणि एक व्हॉइस, एवढ्यावर सहज वर्ष निघतं. नोटिफिकेशन ‘फक्त उल्लेख केल्यावर’ असं करून ठेवा आणि सगळ्यांना एकदम हाक मारायचा हक्क सगळ्यांकडून काढून घ्या. नाहीतर रात्री दीड वाजता ‘कोण जागं आहे?’ ही घोषणा अख्ख्या गावाला जाते.

डिस्कॉर्डच्या आमंत्रणाची लिंक मुद्दाम बदलली नाही तर सात दिवसांत मरते. क्यूआर छापून, लॅमिनेट करून नव्या पेठेतल्या दुकानात चिकटवायचा आणि आठव्या दिवसापासून ‘तुमची लिंक चालत नाही’ हे ऐकत बसायचं. ‘कधीच संपू नये’ हा पर्याय तिथंच आहे. आधी तो निवडायचा, मग लॅमिनेशन.

मे महिन्यात व्हॉइस चॅनेलवर गेमपेक्षा कूलर जास्त ऐकू येतो. आवाज झाला की माइक उघडतो, आणि कूलर काही गप्प बसत नाही. माइकची आपोआप ठरणारी संवेदनशीलता बंद करून पट्टी कूलरच्या आवाजाच्या वर सरकवा, नाहीतर बटण दाबून बोलायची सवय लावा. नळाला पाणी यायच्या दिवशी हे चॅनेल ओस पडतं. त्यावर सेटिंग नाही.

एवढं होईपर्यंत मंडळातला एक संगणकवाला बोलतोच: ‘कशाला दुसऱ्याच्या दारात? घरी जुना पीसी पडलाय, चर्चेची आपलीच वेबसाइट उभारू.’ बेत छान आहे. फक्त घरच्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा अनेक ग्राहकांत मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळं बाहेरून कोणी आपल्या पीसीपर्यंत पोचतच नाही. शिवाय लाइट गेली की चर्चा संपली. मग भाड्याचा सर्व्हर आला. अशी साइट चालवणाऱ्या डिस्कोर्ससारख्या (हे डिस्कॉर्ड नव्हे) सॉफ्टवेअरला किमान १ जीबी रॅम आणि वर स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, लागतो. सगळं बसलं की कळतं, नोंदणीचा मेल कोणालाच जात नाही, कारण बरेच सर्व्हरवाले मेल बाहेर जायचं दार, म्हणजे पोर्ट २५, बंद ठेवतात. मेलची सेवा वेगळी घ्या, डोमेनला, म्हणजे साइटच्या नावाला, मेल खरंच आपला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करा, तरी निम्म्यांचा मेल स्पॅममध्ये. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं डोमेन दुसऱ्या वर्षी खरा भाव सांगतं, तेव्हा संगणकवाला नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

त्याचा हट्ट अगदीच खुळा नाही, हेही कबूल. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. बैठ्या खेळवाल्यांची कितीतरी चर्चा त्यांच्याबरोबर गेली. म्हणून नियमावली, स्पर्धांचे निकाल, सदस्यांची यादी यांची प्रत दर महिन्याला आपल्याकडं उतरवून ठेवायची.

माझं मत विचाराल तर व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिन लिहील असा सूचनांचा ग्रुप, आणि बडबड सगळी डिस्कॉर्डवर. डिस्कॉर्डवर सर्व्हरचा, म्हणजे तिथल्या ग्रुपचा, मालक मात्र एकच असतो. त्याच्या टू-फॅक्टरचे, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कुलपाचे, बॅकअप कोड कागदावर छापून घ्या आणि दुसऱ्याच्या कपाटात ठेवा. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवू नका. हरवतो तो फोनच.