गव्हाणी मुलांच्या हातची असू द्या

डिसेंबर लागला की नाशिकच्या मेन रोडवर आणि शालिमारच्या आसपास लाल टोप्या, चमचमत्या झिरमिळ्या आणि प्लास्टिकची हिरवी झाडे दिसू लागतात. त्याच सुमारास ओळखीच्या आयांचे फोनही सुरू होतात, नाताळला मुलांकडून काय करून घेता येईल म्हणून. आम्ही शरणपूर परिसरातली मराठी ख्रिस्ती माणसे, त्यातून मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच आहे. पण ‘करून घेणे’ हे शब्दच मला पटत नाहीत, म्हणून यंदा जरा सविस्तर लिहिते आहे.

बाजारातून काहीच आणू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु नाताळात घरातली निदान एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलांच्या हातची असावी, मोठ्यांनी तिच्यावर शेवटचा हात फिरवू नये, आणि ती वस्तू शक्यतो गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, असावी, असे मला मनापासून वाटते. झाड सजवायला एक संध्याकाळ पुरते. गव्हाणीला पंधरा दिवस लागतात, आणि त्या पंधरा दिवसांत मुलांच्या मनात ती गोष्ट हळूहळू उतरत जाते.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या आपल्या मुलांना गव्हाणी वेगळी शिकवावी लागत नाही. तीच माती, तीच दगडविटांची रचना, उरलेले तेच पोते. आमच्या अंगणात सात-आठ मुले जमतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक ख्रिस्ती नसतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मातीवर अळीव पेरतो. नाशिकच्या थंडीत उगवण थोडी रेंगाळते, म्हणून १२ तारखेच्या पुढे जाऊ नये, म्हणजे २५ तारखेपर्यंत बोटभर हिरवळ तयार होते. पेंढा इगतपुरी-त्र्यंबककडून मिळतो, कारण तिकडची भातकापणी नुकतीच उरकलेली असते आणि पेंढ्याला अजून शेताचा वास असतो. गणपतीच्या वेळची उरलेली शाडू माती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेली असली, तर मूर्तींसाठी तीच पुरते. मेंढ्या बसलेल्या कराव्यात, कारण उभ्या मेंढीचे मातीचे पाय वाळताना हमखास तडकतात. बैलाला उभेच करायचे असेल, तर त्याच्या पायांत आगपेटीच्या काड्या घालाव्यात. सगळे सावलीतच वाळवावे.

काम करताना मुले प्रश्न विचारतात, आणि गव्हाणीचे खरे मोल मला तिथे दिसते. एकदा एका मुलाने विचारले की, बायबलमध्ये बैल आणि गाढव कुठे आहेत? प्रश्न अगदी रास्त होता. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात तारा आहे आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. पण जन्मकथेत बैलाचा किंवा गाढवाचा उल्लेख कुठेच नाही, आणि ते ज्ञानी लोक तीनच होते, असेही लिहिलेले नाही. बैल आणि गाढव परंपरेने आणून बसवले. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाणीचा जिवंत देखावा मांडला, त्यात गवत, खरा बैल आणि खरे गाढव होते. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या देखाव्यातही तिथल्याच गावचा बैल उभा होता, हे सांगितल्यावर मुलांना मोकळीक मिळाल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी आमच्या गव्हाणीत पाटा-वरवंटा आला, एक कोंबडी आली, आणि इयत्ता तिसरीतल्या एका मुलीने आपल्या मेंढपाळाच्या खांद्यावर जुन्या मोज्याच्या काळ्या तुकड्याची घोंगडी टाकली. तिने धनगरांचा वाडा रस्त्याकडेला उतरलेला पाहिला होता. बेथलेहेमच्या मेंढपाळांना रात्री थंडी वाजत असणार, हे तिच्या आधी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

बाळाची मूर्ती आम्ही २४ तारखेच्या रात्रीपर्यंत ठेवत नाही, तोवर गव्हाणी रिकामीच असते. ख्रिस्ती घरांत एक जुनी रीत आहे: मुलाने दिवसभरात कोणासाठी काही चांगले केले असेल, तर संध्याकाळी गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायची, म्हणजे बाळासाठी अंथरूण मऊ होते. काय केले ते कोणाला सांगायचे नाही आणि मोठ्यांनीही विचारायचे नाही. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ असतो, त्या संपूर्ण काळात हे चालते. मी तर असे म्हणेन की, इतर काही जमले नाही तरी एवढे प्रत्येक घरात व्हावे.

आता चांदणीविषयी. आमच्याकडे लहानथोर सगळे तिला स्टारच म्हणतात. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक याप्रमाणे पाचकोनी दोन चांदण्या बांधाव्यात. त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने पक्की करावीत आणि आतल्या पाच छेदबिंदूंवर वीतभर लांबीच्या पाच कामट्या आडव्या अडकवाव्यात, की चांदणी मधोमध फुगते. त्यावर पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. संक्रांत तीन आठवड्यांवर आलेली असते आणि आपल्या जिल्ह्यात येवल्याचे पतंगवेड काय सांगावे, त्यामुळे हा कागद डिसेंबरात सहज मिळतो. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत असत. मुले काम करत असताना ते मुळीच घालू नये, कारण ते विषारी असते. आत एलईडीचा छोटा दिवा लावावा, म्हणजे जुन्या बल्बसारखा कागद करपत नाही. जर्मनीतील नीस्की येथील मोरावियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या तासाला कागदाची बहुटोकी चांदणी करायला शिकवत असत, आणि ती आज जगभर नाताळात टांगली जाते. आमच्या पाच टोकांच्या चांदणीतही भूमिती आहेच. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा भरला पाहिजे, हे कोनमापक घेऊन बसलेली मुले आपणहून शोधून काढतात.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या चांदणीचा कागद फाटला आणि त्याने त्यावर एसटीच्या तिकिटाचे ठिगळ लावले. आजोबांबरोबर सिन्नरला जाऊन आल्याचे ते तिकीट होते, हे मला ठाऊक नव्हते. मुले गेल्यावर, चांगले दिसावे म्हणून, मी ते ठिगळ काढून तिथे नवा कागद लावला. दुसऱ्या संध्याकाळी दिवे लावले तेव्हा तो मुलगा ओळीने टांगलेल्या सगळ्या चांदण्यांखालून दोनदा फिरला आणि ‘माझी लावली नाही का?’ एवढेच त्याने विचारले. त्या दिवसापासून मुले घरी गेल्यावर मी त्यांच्या कामाला बोट लावत नाही.

म्हणूनच काही शाळांतून ‘उद्या सजवलेले ख्रिसमस ट्री घेऊन या’ अशी सूचना संध्याकाळी येते, तेव्हा मला वाईट वाटते. रात्री दहा वाजता पालक दुकाने शोधत हिंडतात, सकाळी वर्गात विकतची झाडे मांडली जातात, त्यांतल्या नीटनेटक्या झाडांचे कौतुक होते आणि स्वतः काहीतरी केलेले मूल आपली वस्तू दप्तराबाहेर काढत नाही. अशा शाळेतल्या एका मुलीने पुठ्ठ्याचे झाड परत घरी नेलेले मी पाहिले आहे. तिच्या त्या झाडावर सीताफळाच्या बिया आणि शेंगदाण्याची टरफले मोठ्या निगुतीने चिकटवलेली होती.

शुभेच्छापत्रे करावीत, पण पाच-सहाच करावीत आणि ती हातात नेऊन द्यावीत. फराळात मुलांना जरूर घ्यावे. नाताळात मराठी ख्रिस्ती घरांत केक असतोच, पण करंज्या, चकल्या आणि शंकरपाळेही असतात, हे पुष्कळांना अजून नवल वाटते. करंजीच्या कडेवरून कातण फिरवण्याचे काम पाच वर्षांचे मूलही करते. केकसाठी मनुका निवडायला बसवले तर निम्म्या पोटात जातात. द्राक्षांच्या जिल्ह्यात तेवढे चालायचेच. झाकलेली ताटे शेजारीपाजारी पोहोचवण्याचे काम मात्र मुलांकडेच द्यावे. याच शरणपुरात १८५४ साली मिशनऱ्यांची वसाहत उभी राहिल्यानंतर गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जात असे. इथल्या जमिनीला मुलांच्या हातांची सवय जुनी आहे.

६ जानेवारीला, ज्ञानी लोकांच्या भेटीची आठवण करणाऱ्या प्रकटीकरणाच्या सणाला, आम्ही गव्हाणी उतरवतो. अळीव पिवळा पडलेला असतो. मूर्ती भाजलेल्या नसल्यामुळे मुले त्या पाण्याच्या बादलीत सोडतात, आणि तासाभरात मेंढ्या, कोंबडी आणि ज्ञानी लोक यांची पुन्हा माती होते. ती पुढच्या वर्षासाठी डब्यात जाते. गेल्या वर्षी बैल बादलीत टाकायला त्याचा मालक तयार झाला नाही. तो बैल सध्या आमच्या खिडकीत उभा आहे.