चालकाला दिसेल असा पडदा गाडीत नकोच

आज सकाळी आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला भाड्याच्या गाडीने निघाले आणि शिरवळ येईपर्यंत माझे हातपाय गार पडले. स्टिअरिंगशेजारी भलामोठा अँड्रॉइड स्क्रीन, त्यावर सिनेमा चालू, आणि चालकाची नजर घडोघडी तिकडे. पुढच्या ट्रकचे ब्रेकचे लाल दिवे आम्हा दोघींना आधी दिसले, त्याला नंतर. त्याने करकचून ब्रेक दाबला तेव्हा आईच्या हातातली पाण्याची बाटली उडून पुढच्या सीटखाली गेली. सिनेमा बंद करा म्हटले, तर तो म्हणाला, "ताई, मी फक्त ऐकतो, बघत नाही."

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. माझी आई ७८ वर्षांची आहे आणि तिचा जीव त्या सिनेमातल्या एका प्रसंगाइतका स्वस्त नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि वाहन चालवताना हातात धरलेल्या मोबाइलचा वापर धोकादायक ठरला. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. पण डॅशबोर्डात बसवलेला पडदा कोणाच्या हातात असतो? ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांत चालकाच्या नजरेचाच विचार आहे: वाहनाची स्थिती, रस्ता आणि वाट यांच्याशी संबंध नसलेले काहीही त्याला दिसेल अशा पडद्यावर चालू असता कामा नये. इतके साधे वाक्य आपल्याकडे ठसठशीतपणे का लिहिता येऊ नये? धोकादायक वाहनचालनाच्या व्यापक व्याख्येत हेही बसवता येते, हे मान्य. पण ते बसवायचे कधी, अपघात झाल्यावर?

मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे ई-शिवनेरीचा चालक क्रिकेटचा सामना पाहताना एका प्रवाशाच्या चित्रफितीत सापडला आणि त्याची नोकरी गेली. ते योग्यच झाले. प्रवाशाने चित्रीकरण केले नसते तर?

आमची गाडी चालवणाऱ्या त्या मुलावर मी ओरडले, याचे आता वाईट वाटते आहे. रात्रभर गाडी चालवून तो सकाळी पुन्हा आमच्या दारात उभा होता, डोळे तांबारलेले. झोप येऊ नये म्हणून लावतो, असे त्याने नंतर खाली मान घालून सांगितले. त्याला विश्रांती न देणारा मालक आणि तो पडदा बसवून देणारा दुकानदार मात्र कोणत्याच चलनावर येत नाहीत. अशा संचांना हँडब्रेकची एक वायर असते, म्हणजे गाडी उभी असेल तरच चित्र दिसावे. बसवणारे ती सरळ गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडून टाकतात, म्हणजे हँडब्रेक ओढलेलाच आहे असे संचाला वाटते आणि चालत्या गाडीतही चित्र दिसते. ही लबाडी उघड्यावर, दिवसाढवळ्या चालते. भाड्याच्या गाड्या पासिंगला येतात तेव्हा दिवे, वायपर, रिफ्लेक्टर पाहतात, मग ती वायर पाहायला किती वेळ लागेल?

साताऱ्यात उतरताना त्याने आईची बॅग दारापर्यंत आणून दिली, बाटलीही शोधून दिली. आई मात्र आत येताच म्हणाली, परतीला ही गाडी नको.