छातीवरचे हात : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

पुनरुज्जीवन, म्हणजे थांबलेले हृदय छाती दाबून पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न, कधी करू नये, या विषयावरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि चार दिवस उत्तर दिले नाही, कारण त्याच दिवशी लिहायला बसले असते तर ते उत्तर न होता भांडण झाले असते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगते. आपल्या ७१ वर्षांच्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, त्यात न्यूमोनिया झाला, अतिदक्षता विभागात रात्री आपल्या थोरल्या भावाकडून एका कागदावर सही घेतली गेली, आपण त्या वेळी प्रवासात होतात, आणि पहाटे वडिलांचे हृदय थांबले तेव्हा डॉक्टरांनी सीपीआर, म्हणजेच हे पुनरुज्जीवन, दिला नाही. यावरून आपले आक्षेप असे आहेत की, भारतात या गोष्टीला कायद्याचा आधार नाही. उपचार थांबवावेत का यावर मत देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली वैद्यकीय मंडळे प्रत्यक्षात कुणी नेमत नाही. खाट लवकर रिकामी होण्यात रुग्णालयाचा फायदा असतो. आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना ४२ वर्षे सांभाळले, ती माया आजच्या डॉक्टरांत उरलेली नाही. शेवटी आपण लिहिले आहे : ‘डॉक्टरीणबाई, स्वतःच्या माणसाच्या छातीवर कुणाचे हात पडताना ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांनी मरू देण्याला उपचार म्हणू नये.’

आधी माझी चूक मान्य करते. इच्छापत्रासारखे जे वैद्यकीय निर्देशपत्र माणूस शुद्धीत असताना करून ठेवू शकतो, ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावे लागते, असे मी लेखात लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ खटल्याच्या निकालात तशी अट होती, परंतु २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ती बदलली आणि आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेले निर्देशपत्र चालते. आपण हे दाखवून दिलेत, मी लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपली आभारी आहे. मात्र एका अटीचा बदल माझ्या नजरेतून सुटला म्हणून मला कायद्यातले ओ की ठो कळत नाही, असे जे आपण पुढे लिहिले आहे, ते मी मान्य करणार नाही. ज्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, मोडतो असे पाच न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले, तो निकाल मी पूर्ण वाचला आहे.

आता ‘डॉक्टरीणबाई’ या संबोधनाविषयी. मी भूलतज्ज्ञ म्हणून आणि पुढे अतिदक्षता विभागात मिळून ३१ वर्षे काम केले. खेड्यातून आलेल्या आज्यांनी मला डॉक्टरीणबाई म्हटले आहे आणि तो शब्द त्यांच्या तोंडी मला नेहमी आवडला. आपण तो ज्या वाक्यात वापरला आहे तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो, हे लिहिताना आपल्याला ठाऊक होते असे मला वाटते. लेखाच्या प्रत्येक मुद्द्यावर मतभेद असू शकतो. परंतु समोरच्या व्यक्तीने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे न विचारता ठरवून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मी पाहिले आहे. हे सार्वजनिकरीत्या लिहिण्याची माझी इच्छा नव्हती, आपल्या वाक्याने ती वेळ आणली.

२००८ च्या मे महिन्यात माझी आई गेली. ती ७९ वर्षांची होती, तिला स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो यकृतात पसरला होता. धाकट्या भावाकडे असताना तिचा श्वास लागला म्हणून त्याने तिला जवळच्या रुग्णालयात नेले. रुग्णालयाचे नाव सांगणार नाही, कारण तिथल्या कुणीही वाईट हेतूने काहीही केले नाही. मी दुसऱ्या शहरातून पाच तास प्रवास करून पोहोचले आणि पडद्याच्या आत गेले त्याच वेळी तिचे हृदय थांबले. केसपेपरवर कुणी काही लिहिलेले नव्हते, कुणी कुणाला काही विचारलेले नव्हते, आणि काही लिहिलेले नसेल तर ड्यूटीवरचा डॉक्टर एकच करू शकतो, ते त्या मुलाने केले. दोन डॉक्टर आणि एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, आळीपाळीने ४० मिनिटे तिची छाती दाबत होते. मी पायथ्याशी उभी होते. हे निष्फळ आहे हे मला पहिल्या मिनिटाला कळले होते, कारण तो माझा रोजचा व्यवसाय होता, आणि तरीही ‘थांबा’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्या क्षणी मी डॉक्टर नव्हते, मुलगी होते, आणि मला वाटत होते की न जाणो.

दुसऱ्या दिवशी आईला आंघोळ घालताना माझ्या मावशीचा हात तिच्या छातीवरून फिरला आणि जागच्या जागी थांबला. हाताखाली छाती दबत होती. बरगड्या मोडल्या होत्या. मावशीने माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. ती स्वतः जाईपर्यंत, म्हणजे पुढची नऊ वर्षे, तिने मला ते कधीच विचारले नाही. त्यामुळे आपल्या माणसाच्या छातीवर कुणाचे हात पडतात तेव्हा काय होते हे मला ठाऊक नाही असे आपण म्हणता, तेव्हा मी ते खोडून काढणारच, आणि सौम्य शब्दांतच काढीन अशी अपेक्षा आपणही ठेवू नये.

ज्या क्रियेला आपण ‘शेवटची संधी’ म्हटले आहे तिचा जन्म कुठे झाला, हेही सांगायला हवे. बाहेरून छाती दाबून हृदय चालू करण्याची पद्धत कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून प्रसिद्ध केली. त्यांच्या त्या पहिल्या लेखातल्या २० रुग्णांपैकी १४ जण वाचले. हा आकडा थक्क करणारा आहे, परंतु ते रुग्ण कोण होते ते पाहावे लागते : त्यांतल्या अनेकांचे हृदय भूल देताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी अचानक थांबले होते, म्हणजे घटकेपूर्वीपर्यंत बाकीचे शरीर चालते होते आणि मदत हाताशी होती. मी स्वतः अशा रुग्णांच्या छातीवर हात ठेवले आहेत आणि ते पुढे डबा खात खाटेवर बसलेलेही पाहिले आहेत. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या सकाळी त्या आहेत. पुढे हीच क्रिया रुग्णालयात मरणाऱ्या प्रत्येकावर सरसकट होऊ लागली, आणि १९७४ सालीच अमेरिकेतल्या सीपीआरच्या मानकांत लिहावे लागले की, ही क्रिया अचानक, अनपेक्षित मृत्यू टाळण्यासाठी आहे. असाध्य आजाराच्या शेवटी जिथे मृत्यू अपेक्षितच आहे, तिथे ती करण्याची नाही.

योग्य रीतीने सीपीआर द्यायचा तर छातीचे हाड मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे लागते. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात आणि ते तळहाताला कळते. सोबत श्वासनलिकेत नळी, विजेचे झटके, दर काही मिनिटांनी हृदयाला चालना देणारे अॅड्रेनलिन. ज्याचे हृदय हाच मूळ आजार आहे त्याच्यासाठी हे सारे सार्थ असते. ज्याचे हृदय सर्वांत शेवटी थांबले, कारण मूत्रपिंडे, फुप्फुसे, रक्तदाब आधीच एकेक करून गेले होते, त्याचे हृदय दहा मिनिटे पुन्हा चालवून मूळ कारण जात नाही. तेच मरण त्याला दुसऱ्यांदा मरावे लागते. याच अर्थाने मी लेखात लिहिले होते की, पुनरुज्जीवन न करणे हा कधीकधी उपचाराचा भाग असतो. त्या वाक्यात ‘कधीकधी’ हा शब्द होता. आपण वाक्य उद्धृत करताना तो गाळला आहे.

कायद्याविषयी थोडक्यात लिहिते. संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही, हे खरे आहे आणि ते मी लेखातही म्हटले होते. परंतु कायदा नाही म्हणजे आधार नाही, असे होत नाही. घटनापीठाचा निकाल हा या देशात कायदाच असतो. शिवाय भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये याच विषयावर, म्हणजे ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ या निर्णयावर, मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्ण बोलू शकत असेल तर त्याच्याशी, नसेल तर नातेवाइकांशी बोलावे, निर्णय लेखी नोंदवावा, प्रकृती बदलली तर त्याचा फेरविचार करावा, आणि बाकीचे उपचार, वेदनाशमन, शुश्रूषा यांत कसर करू नये, असे त्यांत आहे. वैद्यकीय मंडळांचा आपला मुद्दा हा प्रामुख्याने चालू व्हेंटिलेटर काढण्याच्या संदर्भातला आहे. निकालात उपचार काढण्याबरोबर उपचार सुरू न करण्याचाही उल्लेख असल्यामुळे आपण तो सीपीआरलाही लावता. त्यावर कायदेपंडितांनी जरूर वाद घालावा, मात्र दोन मंडळांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत देण्याची प्रक्रिया पहाटे तीन वाजता थांबणाऱ्या हृदयाच्या गतीने चालत नाही, एवढेच मी म्हणेन.

अरुणा शानबाग यांचे नाव आपण घ्यायला नको होते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या त्या भीषण हल्ल्यानंतर केईएमच्या परिचारिकांनी त्यांची जी सेवा केली, तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु अरुणाताईंचा श्वास स्वतःचा होता, त्या भरवलेले अन्न घेत, आणि २०११ साली न्यायालयापुढे आलेला प्रश्न हे भरवणे थांबवावे का, असा होता. त्याला परिचारिकांनी आणि रुग्णालयाने विरोध केला, न्यायालयाने तो मानला आणि याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. थांबलेल्या हृदयाशी त्या खटल्याचा संबंध नव्हता. आपल्याकडे दयामरण, व्हेंटिलेटर काढणे आणि सीपीआर न देणे या तिन्ही गोष्टींची एकच मोट बांधली जाते, आणि त्या गोंधळाची किंमत शेवटी रुग्ण मोजतो.

खाट रिकामी करण्याच्या आरोपाबद्दल मला फार लिहायचे नाही. अतिदक्षता विभागातली रिकामी खाट रुग्णालयाला पैसे देत नाही, भरलेली देते. हिशेबच उलटा आहे. पैशाचा प्रश्न खरा आहे तो दुसऱ्या टोकाला. बिल परवडत नाही म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, वाटेत हाताने श्वास देणारी अंबू पिशवी दाबत दाबत घरी नेलेले रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले, आणि त्यांतले काही वाचण्यासारखे होते. आपल्या रागाचा थोडासा भाग त्यांच्या वाट्याला आला असता तर मला बरे वाटले असते.

राहिली आपल्या भावाची सही. आपण त्यांच्याविषयी जे शब्द वापरले आहेत ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. रात्री एकट्याने तो कागद हातात घेणाऱ्या माणसावर काय गुदरते ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने अनेकदा पाहिले आहे. जो प्रवासात असतो त्याला ही शिक्षा होत नाही. हे कठोर आहे, आणि आपल्याला ते सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे याची मला खात्री नाही, तरीही वाक्य मागे घेत नाही. आपल्याला दोन तास आधी फोन जायला हवा होता, हे मात्र मी निःसंकोच मान्य करते. इंग्लंडमध्ये जॅनेट ट्रेसी या रुग्णाच्या खटल्यात २०१४ साली अपील न्यायालयाने ठरवले की, पुनरुज्जीवन न करण्याचा आदेश रुग्णाला न विचारता लिहिणे हा तिच्या खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. त्याच वेळी, मागितला म्हणून निष्फळ सीपीआर देणे डॉक्टरांना बंधनकारक नाही, हेही तिथे स्पष्ट झाले. विचारणे हे कर्तव्य आहे. माझ्या आईच्या वेळी तेच झाले नाही, आणि आपल्या वडिलांच्या वेळी ते अर्धवट झाले असावे असे आपल्या लिहिण्यावरून दिसते.

म्हणून एक विनंती करते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाचे किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाचे मागणीपत्र आल्यावर ७२ तासांत केसपेपर द्यावे लागतात आणि दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात. आपल्या वडिलांना जाऊन सव्वा वर्ष झाले असे आपण लिहिले आहे, म्हणजे कागद अजून तिथे असले पाहिजेत. ते मागवा, शक्य झाल्यास भावाला सोबत घेऊन मागवा, आणि त्या रात्रीचे पान काढा. कोणत्या डॉक्टराने, किती वाजता, कुणाशी, काय बोलून तो निर्णय लिहिला, हे त्यावर असेल तर ते एकदा शांतपणे वाचा. पानावर नुसती सही असेल आणि बोलण्याची एक ओळही नसेल, तर मला कळवा. त्या मुद्द्यापुरती मी आपल्या बाजूने, याच ठिकाणी, माझ्या नावानिशी लिहीन.