पैसे मोजले म्हणजे किंमत मान्य केली?

किमतींबद्दलचा एक युक्तिवाद समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: ग्राहकाने स्वतःच्या हाताने पैसे मोजले, कोणी त्याच्यावर बंदूक रोखली नव्हती, म्हणजे किंमत त्याला मान्य होती आणि म्हणून ती रास्तच होती, ज्याला ती महाग वाटते त्याने दुसरीकडे जावे, अव्वाच्या सव्वा दर लावणारा विक्रेता स्पर्धेत आपोआप मागे पडतो, टंचाईत चढे भावच माल खेचून आणतात, आणि ‘रास्त किंमत’ मोजताच येत नसल्याने अवाजवी किमतीची तक्रार ही निव्वळ भावनेची तक्रार आहे. ही साखळी दुवा दुवा सुटा करून तपासायला हवी, कारण तिच्यातले एकदोन दुवे खरोखर पक्के आहेत आणि त्यांच्या जोरावर बाकीचे कच्चे दुवे खपून जातात.

त्याआधी एक गल्लत दूर केलेली बरी. चढी किंमत आणि अवाजवी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या नामवंत कारागिराने घडवलेल्या घड्याळाला कोणी डोळे पांढरे होतील इतकी रक्कम देत असेल, तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असते, आणि न घेता तो परतला तरी त्याचे काहीच बिघडत नाही. ‘मान्य होती म्हणून रास्त’ हा नियम इथे अगदी चपखल बसतो. प्रश्न असा की, नकार देणे जिथे परवडत नाही किंवा मुळात कशाला होकार दिला हेच कळत नाही, तिथेही तो तितकाच बसतो का?

‘गरजवंताला अक्कल नसते’ अशी म्हण आहे. माझ्या मते ती गरजवंतावर अन्याय करते, कारण त्याला अक्कल असते, नसतो तो पर्याय. बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलेला माणूस भूलतज्ज्ञाचे दर विचारत नाही. अमेरिकेत अनेक रुग्णांवर अशी वेळ आली की विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयातच उपचार झाले, पण तिथला एखादा डॉक्टर मात्र त्या करारात नव्हता, आणि त्याचे भले मोठे बिल नंतर घरी आले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या संघीय कायद्याने तातडीच्या उपचारांतील अशी अनपेक्षित बिले रुग्णाच्या माथी मारण्यास मनाई केली. त्या बिलांना रुग्णाने कोणत्या क्षणी संमती दिली होती, हे ‘बंदूक कोणी रोखली होती’ असे विचारणाऱ्यांनी दाखवून द्यावे.

शुद्धीवर असलेल्या, घाईत नसलेल्या ग्राहकाची संमतीही किती पातळ असू शकते, याचा एक नेमका प्रयोग झालेला आहे. तिकिटांची पुनर्विक्री करणाऱ्या स्टबहब या संकेतस्थळाने २०१५ मध्ये काही ग्राहकांना सर्व शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवली, तर इतरांना ती शुल्के पैसे भरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर दाखवली. एकूण रक्कम दोन्ही गटांना अखेर दिसतच होती, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या लपवलेले काहीच नव्हते. तरीही ज्यांना शुल्के शेवटी दिसली त्यांनी सुमारे २१ टक्के अधिक खर्च केला. संमती हा जर ग्राहकाच्या मनातील खऱ्या पसंतीचा निखळ पुरावा असेल, तर पडद्यावरच्या आकड्याची जागा बदलल्याने तो पुरावा एवढा बदलायला नको होता.

याहून अवघड प्रकार दुरुस्ती, वैद्यकीय उपचार, कायदेशीर सल्ला अशा सेवांचा आहे, आणि फिरणारा युक्तिवाद त्याला जवळजवळ स्पर्शच करत नाही. इथे काय बिघडले हे सांगणारा आणि ते दुरुस्त करण्याचे पैसे घेणारा एकच असतो. यंत्राचा सुटा भाग खरोखर खराब झाला होता की नाही, हे तो बदलल्यानंतरही मालकाला कळत नाही; यंत्र चालू झाले एवढेच त्याला दिसते, आणि ते निम्म्या खर्चातही चालू झाले असते का याचे उत्तर त्याला कधीच मिळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा वेगळा वर्ग मांडला, ज्यांची गुणवत्ता खरेदीपूर्वी तर नाहीच, वापरानंतरही ग्राहकाला पडताळता येत नाही. अशा व्यवहारात ‘अनुभवातून ग्राहक शहाणा होतो’ हे आश्वासन पोकळ ठरते, कारण शिकायला लागणारा अनुभवच त्याच्या हाती येत नाही.

आता ‘दुसरीकडे जावे’ हा सल्ला पाहू. दुसरीकडे जाण्याला वेळ, प्रवास, चौकशी आणि अनिश्चितता एवढा खर्च पडतो, हे सल्ला देणारे गृहीतच धरत नाहीत. अर्थशास्त्रज्ञ पीटर डायमंड यांनी १९७१ मध्ये गणिताने दाखवून दिलेला निष्कर्ष आजही धक्कादायक वाटतो: विक्रेते अनेक असले, पण प्रत्येक नव्या विक्रेत्याकडे चौकशी करायला ग्राहकाला थोडासा जरी खर्च येत असला, तर काही परिस्थितींत सर्वांच्या किमती मक्तेदाराच्या किमतीपर्यंत जाऊन टेकतात. कारण कोणत्याही विक्रेत्याने किंमत किंचित वाढवली तरी, तेवढ्याशा फरकासाठी पुन्हा पायपीट करणे दारात आलेल्या ग्राहकाला परवडत नाही, आणि हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. प्रत्यक्ष बाजार इतका टोकाला जात नाही, हे मान्य. पण दुकानांची संख्या मोजून ‘स्पर्धा आहे’ असे जाहीर करणाऱ्यांना हा निष्कर्ष नक्कीच अडचणीचा आहे.

ग्राहकाच्या या जडत्वावर पद्धतशीर कमाई करता येते. ब्रिटनमधील घर व वाहन विम्याच्या बाजारात कंपन्यांची वानवा नव्हती, तरी नव्या ग्राहकाला स्वस्त हप्ता आणि दरवर्षी मुकाट्याने नूतनीकरण करणाऱ्या जुन्या ग्राहकाला चढता हप्ता, ही रीतच पडली होती. तिथल्या वित्तीय नियामकाच्या हिशेबानुसार सुमारे ६० लाख विमाधारकांनी आपल्या जोखमीच्या मानाने सरासरी हप्ता भरला असता, तर २०१८ या एका वर्षात त्यांचे १.२ अब्ज पौंड वाचले असते. १ जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर सांगण्यास बंदी झाली. निष्ठेबद्दल दंड भरणाऱ्या त्या लोकांनीही, या युक्तिवादाच्या भाषेत, किंमत ‘मान्य’च केली होती.

जादा दर लावणारा आपोआप बाहेर फेकला जातो, या दाव्यातील ‘आपोआप’ या शब्दाची परीक्षा डाराप्रिम या औषधाने घेतली. टॉक्सोप्लाज्मोसिस या संसर्गावरचे हे औषध १९५३ पासून वापरात होते आणि त्याचे पेटंट केव्हाच संपले होते. २०१५ मध्ये ट्युरिंग फार्मास्युटिकल्सने त्याचे अमेरिकेतील हक्क विकत घेतले आणि एका गोळीची किंमत १३.५० डॉलरवरून ७५० डॉलरवर नेली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे स्पर्धकांची झुंबड उडायला हवी होती. मात्र पर्यायी औषधाला मंजुरी मिळवण्यासाठी मूळ औषधाचे नमुने लागतात, आणि कंपनीने वितरण असे बंदिस्त केले की ते नमुने स्पर्धकांच्या हाती पडू नयेत. पर्यायी औषधाला मंजुरी मिळायला २०२० साल उजाडले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने कंपनीचे संस्थापक मार्टिन श्क्रेली यांना सुमारे ६ कोटी ४६ लाख डॉलर परत करण्याचा आदेश दिला आणि औषध उद्योगातून आजन्म दूर केले. स्पर्धा अखेर आली हे खरे, पण ज्याला औषध या आठवड्यात हवे असते त्याला पाच वर्षांनी येणाऱ्या स्पर्धेचा काय उपयोग?

टंचाईतील चढ्या भावांचा मुद्दा या साखळीतला सर्वांत पक्का दुवा आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. इसवी सन ३०१ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने हजाराहून अधिक वस्तू व सेवांवर कमाल किमती लादल्या आणि मोडणाऱ्यास देहदंड ठरवला. समकालीन लेखक लॅक्टँशियसच्या म्हणण्यानुसार भीतीपोटी माल बाजारातूनच दिसेनासा झाला. लांबून माल आणणाऱ्याला वाढीव खर्च भरून मिळाला नाही, तर तो माल आणणार नाही. परंतु यातून निघते एवढेच की वाढलेला खर्च किमतीत उतरू द्यावा. आपत्तीच्या आदल्या दिवशी जुन्या दराने गोदामात आलेल्या मालाची किंमत तिप्पट केल्याने त्या रात्री एकही नग वाढत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा हा फरक ओळखतो: आणीबाणी जाहीर झाल्यावर आवश्यक वस्तूंची किंमत १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यास तो मनाई करतो, पण वाढ स्वतःच्या वाढलेल्या खर्चामुळे झाली हे विक्रेत्याने सिद्ध केल्यास सूट देतो. सामान्य माणसाची न्यायबुद्धीही याच रेषेवर चालते. डॅनियल कानेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांच्या १९८६ च्या पाहणीत, हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी १५ डॉलरचे फावडे २० डॉलरला विकणे ८२ टक्के उत्तरदात्यांना अन्याय्य वाटले. वाढलेला घाऊक खर्च ग्राहकाकडून वसूल करणे मात्र बहुसंख्यांना गैर वाटले नाही.

राहिला मोजमापाचा प्रश्न. रास्त किमतीचा एकच आकडा सांगता येत नाही, हे खरेच. पण तापमान नेमके किती हे न कळताही पाणी उकळते आहे हे ओळखता येते. युरोपीय न्यायालयाने १९७८ मध्ये युनायटेड ब्रँड्स या कंपनीच्या खटल्यात निकष घालून दिला की वस्तूच्या आर्थिक मूल्याशी वाजवी संबंध नसलेली किंमत ही अवाजवी होय, आणि त्याच खटल्यात पुरावा अपुरा पडल्याने किमतीविषयीचा आरोप फेटाळलाही. म्हणजे ही कसोटी मनमानीला वाव देणारी नाही. पुढे युरोपीय आयोगाने ॲस्पेन कंपनीच्या सहा कर्करोगविरोधी औषधांचा खर्च, नफा आणि तशाच इतर कंपन्यांचा नफा ताडून पाहिला. त्या औषधांचे पेटंट संपून ५० वर्षे लोटली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने किमती सरासरी ७३ टक्क्यांनी उतरवण्याचे बंधन स्वीकारले. त्याआधी इटलीच्या औषध नियामकानेही त्यांतील काही औषधांच्या वाढीव किमतींना वाटाघाटीनंतर मान्यता दिली होती. ती मान्यता मिळाली होती औषधे बाजारातून काढून घेण्याच्या धमकीनंतर.