चाळीस पायांचं झुरळ

आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रोज सकाळी वाहते. मोटार लावायचं काम माझं, बंद करायचं काम कुणाचंच नाही. यावरचा उपाय माझ्याकडे २००४ पासून आहे. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारं सर्किट! डिझाइन तयार, ८०५१ जातीचा चाळीस पायांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, ड्रॉवरमध्ये तयार. फक्त पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांनी (ट्रॅकनी) सगळे भाग जोडणारा बोर्ड, करायचा राहिला होता. आमच्या बाथरूमची कडीही साधारण तेव्हापासूनच बसवायची राहिली आहे, त्यामुळे घरात कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते मनावर घेतलं.

डिझाइन ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं ते विंडोज ९८च्या काळातलं. त्याला नव्या लॅपटॉपवर चालवणं म्हणजे गावाकडच्या आजोबांना मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर चढवणं. एकदा चढले की खुशाल उभे राहतात, पण पहिलं पाऊल पडेपर्यंत मागे रांग लागते. शेवटी कम्पॅटिबिलिटी मोडचा हात धरून ते चढलं. हिरवे-लाल ट्रॅक पडद्यावर दिसले आणि माझा ऊर भरून आला. मी ‘एक्सपोर्ट’ दाबलं. उत्तर आलं, ‘प्रिंटर नॉट रेडी’.

मी फाइल मागत होतो, प्रिंटर नव्हे. पण जुनी मंडळी एकदा रुसली की कशासाठी रुसली ते सांगत नाहीत. मी प्रिंटरचा ड्रायव्हर काढून परत टाकला. डिफॉल्ट प्रिंटर बदलला. कागदाचा आकार अमेरिकन लेटर होता, तो ए-फोर केला. अॅडमिनिस्ट्रेटर होऊन चालवून पाहिलं; घरात नसलेला अधिकार निदान लॅपटॉपवर तरी मिळाला. काही उपयोग नाही. दोन दिवस गेले, फराळातले चिवडा आणि शेव संपले.

तिसऱ्या दिवशी मुलगी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाबा, फाइल कुठे सेव्ह करताय?”

“हे काय, नवीन फोल्डर केलाय. ‘टाकीचा भोंगा’.”

“तुमच्या या सॉफ्टवेअरला मराठी येतं का?”

येत नव्हतं. ते युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना जागा देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या वळणाचं, आणि त्या जुन्या व्यवस्थेत विंडोजने देवनागरीला जागाच ठेवलेली नव्हती. माझा अस्सल मराठी भोंगा त्याला नुसत्या प्रश्नचिन्हांची माळ दिसत होता. आणि विंडोजला फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. म्हणजे जागा सापडेना म्हणून फाइल होईना, आणि खापर बिचाऱ्या प्रिंटरवर. फोल्डरचं नाव रोमन लिपीत केलं, दोन सेकंदांत फाइल तयार. मुलीने जाता जाता किकॅड नावाचं पीसीबीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हेही ऐकवलं. मी ऐकलं नाही.

घरी इस्त्रीने पीसीबी करायचा तर छपाई टोनरची, म्हणजे लेझर प्रिंटरचीच लागते. चकचकीत कागदावर छापायचं, तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या बोर्डावर पालथं ठेवून इस्त्री फिरवायची; टोनर तांब्याला चिकटतो, मग फेरिक क्लोराईड उरलेलं तांबं खातं. चकचकीत कागद म्हणून मी दिवाळी अंकातलं सराफाच्या जाहिरातीचं पान फाडलं आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. ते मशिनमध्ये घालायला त्याचं मन वळवण्यात जो वेळ गेला, त्याचा हिशोब देत नाही.

घरी येऊन आयसी, म्हणजे तोच मायक्रोकंट्रोलर, कागदावर ठेवला. पहिला पाय बरोबर, पाचवा जरा बाजूला, विसावा सरळ शेजाऱ्याच्या घरात. दोन पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे पहिल्यापासून विसाव्यापर्यंत ४८.२६ हवं. पट्टीवर जेमतेम ४६.८ भरलं. परत दुकानात.

“काका, कडेला कापलं जाईल म्हणून फिट टू पेज केलं,” तो प्रेमाने म्हणाला. फक्त तीन टक्के आकसलं होतं. लग्नाच्या पत्रिकेत तीन टक्के कुणाला कळत नाहीत. आयसीच्या विसाव्या पायाला मात्र घर बदलावं लागतं.

या वेळी मी स्वतः त्याच्या शेजारी उभा राहिलो. शंभर टक्के! तेवढ्यात पडद्यावर माझ्या लक्षात आलं की ट्रॅकशेजारची अक्षरं उलटी दिसताहेत. वेळीच पाहिलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली आणि ‘मिरर’वर टिक करायला लावलं.

मग इस्त्री झाली (सौ.ची, न विचारता). फेरिक क्लोराईडचे डाग फरशीवर पडले. ते आता आमच्यानंतरही राहतील. बोर्ड धुतला. एकेक ट्रॅक असा रेखीव की बघत राहावं. आणि तांब्यावरची अक्षरं उलटी.

बोर्डाच्या खालच्या बाजूचा थर सॉफ्टवेअर वरूनच, आरपार बघून दाखवतं, त्यामुळे कागदावर अक्षरं उलटी असणंच बरोबर होतं. इस्त्रीने ती सुलटी झाली असती. वीस वर्षांत एकदाच माझ्या काही वेळीच लक्षात आलं, तर ते हे.

दुसरा पत्रा नव्हता. मग आयसी पाठीवर उताणा टाकला, चाळीसही पाय वर करून बारीक तारांनी जोडले. इंग्रजीत या पद्धतीला ‘डेड बग’, म्हणजे मेलेला किडा, असंच म्हणतात. रात्री दीड वाजता शेवटचा टाका बसला.

सकाळी सौ.ने टेबलावर पाहिलं, किंचाळली आणि चप्पल उचलली.

“अगं थांब, तो कंट्रोलर आहे!” मी धावलो.

“कंट्रोलर आहे ना?” ती चप्पल तशीच हातात धरून म्हणाली. “मग वर टाकी का वाहतेय?”